ब्रेक थरथरला, तरी पाय उचलू नका

मैत्रिणींनो, या पानावर आपण एरवी साठवणीच्या डाळी, मुलांचे डबे, पाहुण्यांची उस्तवार असल्या गोष्टी बोलतो. यंदा मोटारीच्या ब्रेकाविषयी लिहिते आहे असं म्हटल्यावर आमच्या जाऊबाई हसल्याच. म्हणाल्या, "तुला काय करायचं बाई त्या ब्रेकाचं? ते त्या माणसांचं काम." पण गाडीत मागच्या सीटवर आपली मुलं असतात, मांडीवर बाळ असतं, आणि आता तर आपल्यापैकी कितीतरी जणी स्वतः गाडी चालवतात. मग कुकरची शिट्टी का वाजते हे जसं आपल्याला ठाऊक असतं, तसं ब्रेक का थरथरतो हेही ठाऊक असायला काय हरकत आहे? आम्हांला ते ठाऊक नव्हतं, आणि त्याची किंमत थोडक्यात निभावली म्हणून आज लिहायला बसले आहे.

गेल्या श्रावणातली गोष्ट. तामशाला नणंदेकडे जेवून आम्ही हदगावला परत निघालो होतो. हे गाडी चालवत होते, शेजारी मी, मागे मामंजी आणि दोन्ही मुलं. पावसाची बारीक झिमझिम होती. आपल्याकडची काळी माती तुम्हांला सांगायला नको. पावसाळ्यात शेतातून ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर आला की चाकांना लागलेले चिखलाचे गोळे रस्त्यावर पडतात आणि वरून पाऊस झाला की त्यावर नुसतं लोणी पसरल्यासारखं होतं. अशाच एका जागी डाव्या बाजूच्या बाभळीआडून एक वासरू टुणकन रस्त्यावर आलं. गाडीचा वेग पन्नासाच्या आसपास असेल. ह्यांनी जोरात ब्रेक दाबला.

आणि ब्रेकातून 'कर्र कर्र कर्र' असा आवाज आला. दळणाच्या गिरणीवर पाय ठेवावा तसं पेडल ह्यांच्या पायाखाली थरथरलं. ह्यांना वाटलं, ब्रेकच तुटला! घाबरून त्यांनी पाय उचलला. मागून मामंजी ओरडले, "पंप मार, पंप मार!" मग ह्यांनी ब्रेक दाब-सोड, दाब-सोड केला. वासरू तेवढ्यात पलीकडे गेलं, पण गाडी काही थांबेना. ती सरळ रस्त्याच्या कडेच्या चारीत उतरली आणि एका बाजूला कलून उभी राहिली. धाकट्याचं कपाळ पुढच्या सीटवर आपटून टेंगूळ आलं. बाकी कुणाला काही झालं नाही. दहा पावलांवर सिमेंटचा पूल होता. त्याचा कठडा आठवला की अजूनही रात्री झोप येत नाही.

घरी आल्यावर दोन दिवस एकच विषय. ह्यांचं म्हणणं, जुनी गाडी घेतली तेव्हाच फसलो, विकून टाकू. मामंजींचं म्हणणं, हल्लीच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे. मामंजींनी आयुष्यभर एका जिनिंगची जीप आणि नंतर अँबॅसडर चालवली, एकदाही अपघात नाही, त्यामुळे घरात गाडीच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. तिसऱ्या दिवशी गाडी गावातल्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, खाली वाकून पाहिलं, एक चक्कर मारून आला आणि हसून म्हणाला, "सर, ब्रेकाला काही झालेलं नाही. गाडी बरोबर करूलाली होती, तुम्हीच तिला करू दिलं नाही."

ते ऐकून ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी मात्र मिस्त्रीला पुन्हा पुन्हा विचारून, मग घरी पुस्तकं चाळून, गाडीबरोबर आलेली ती जाडजूड पुस्तिका (जी आपण कधीच उघडत नाही) वाचून हे सगळं समजावून घेतलं. शाळेत शिकवायची सवय आहे, त्यामुळे समजलं की दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी एक साधी गोष्ट. घरातलं लोखंडी कपाट सरकवताना पहिला धक्का द्यायला किती जोर लागतो! पण एकदा ते हललं की घसरत जातं, मग तेवढा जोर लागत नाही. फरशीला ते स्थिर असताना जेवढं धरून असतं, तेवढं घसरताना धरत नाही. टायरचंही तसंच आहे. चाक फिरत असतं तेव्हा टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो, तो त्या क्षणी रस्त्याला धरून असतो. पाऊल टाकावं आणि उचलावं तसं. पण ब्रेक एवढ्या जोरात दाबला की चाक फिरायचंच थांबलं, तर टायर पाऊल टाकत नाही, नुसता घसरतो. मिस्त्री लोक याला 'चाक जाम होणं' म्हणतात. साबणाच्या पाण्यानं ओल्या झालेल्या मोरीत चप्पल घसरते ना, तसं.

जाम झालेल्या चाकाचा आणखी एक दोष आहे, आणि तोच जास्त घातक. घसरणारं चाक कुठं वळवलंय याला काही अर्थ राहत नाही. तुम्ही स्टिअरिंग डावीकडे फिरवा की उजवीकडे, गाडी ज्या दिशेनं निघाली होती त्याच दिशेनं जाते. समोर वासरू असलं तर वासरावर, पूल असला तर पुलावर. मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरतेही.

म्हणून जुने ड्रायव्हर ब्रेक पंप करत. दाबायचा, चाक जाम होतंय असं वाटलं की सोडायचा, पुन्हा दाबायचा. मामंजी सांगत होते ते खोटं नव्हतं, त्यांच्या अँबॅसडरला तेच बरोबर होतं. त्या काळच्या गाड्यांत चाक सोडवायचं काम माणसाच्या पायालाच करावं लागे. चांगल्या ड्रायव्हरचा पाय सेकंदाला दोन-तीनदा हे करू शकतो, तेही डोकं शांत असेल तर. वासरू समोर आल्यावर डोकं शांत कुणाचं राहतं?

आता ए.बी.एस. म्हणजे काय ते ऐका. पूर्ण नाव अँटिलॉक ब्रेकिंग सिस्टिम, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा. प्रत्येक चाकाजवळ एक दातेरी कडं असतं, आणि त्याच्यासमोर बोटाएवढा सेन्सर. चाक फिरलं की दाते सेन्सरसमोरून जातात आणि दर दात्याला एक विजेचा ठोका उमटतो. हे ठोके तारेनं एका छोट्या पेटीत जातात. ती पेटी म्हणजे या यंत्रणेचा मेंदू. चारही चाकांचे ठोके ती अखंड मोजत असते, आपण गाणी ऐकत असलो तरी.

तुम्ही ब्रेक दाबला आणि एका चाकाचे ठोके एकदम कमी झाले, इतके की खरी गाडी एवढ्या झटक्यात हळू होणं शक्यच नाही, तर पेटी ओळखते की हे चाक आता जाम होणार. मग ती त्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेक ऑइलच्या नळीतला एक झडप बंद करते, म्हणजे तुम्ही कितीही जोरात दाबलंत तरी जास्त दाब तिथं पोचत नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर दुसरा झडप उघडून थोडा दाब काढून घेते. चाक मोकळं होऊन फिरायला लागलं, ठोके वाढले, की पुन्हा दाब देते. पुन्हा जाम व्हायला आलं, पुन्हा सोडते. कुकरचा दाब वाढला की शिट्टी उचलली जाते, वाफ सुटते, शिट्टी बसते, तसंच काहीसं. फरक एवढाच की कुकर आतला दाब पाहतो आणि ही पेटी चाकाचा वेग पाहते. आणि हे सगळं एका सेकंदात दहा-पंधरा वेळा! कुठल्या ड्रायव्हरचा पाय एवढा चपळ आहे?

काढून घेतलेलं ब्रेक ऑइल एक लहानसा पंप परत वरच्या बाजूला ढकलतो. तोच धक्का पेडलमधून तुमच्या तळपायाला जाणवतो. 'कर्र कर्र' आवाज त्या पंपाचा आणि झडपांचा. म्हणजे ज्या थरथरीला घाबरून ह्यांनी पाय उचलला, ती थरथर म्हणजे ब्रेक तुटल्याची नव्हे, ब्रेक काम करत असल्याची खूण होती. पाय उचलल्याबरोबर यंत्रणेनं काम थांबवलं, आणि पंप मारल्यावर तर दर वेळी दाब सोडल्यामुळे गाडीला थांबायला जास्तच जागा लागली.

तेव्हा तुमच्या गाडीला ए.बी.एस. असेल तर संकटाच्या वेळी करायचं एवढंच: ब्रेक पूर्ण जोरानं दाबायचा, पेडल थरथरलं, आवाज आला तरी दाबूनच धरायचा, आणि नजर मोकळ्या जागेकडे ठेवून स्टिअरिंग हलक्या हातानं तिकडे वळवायचं. चाकं फिरती असल्यामुळे गाडी वळते. या यंत्रणेचा खरा फायदा हाच आहे. गिअरची गाडी असेल तर क्लचही दाबावा. स्टिअरिंगला हिसका मात्र देऊ नये. आणि शेजारी बसलेल्या बायकांनी (यात मी आले) ड्रायव्हरचा दंड धरू नये. त्या दिवशी मी धरला होता, हे कबूल करते.

ही युक्ती मुळात विमानांसाठी निघाली, हे वाचून मला गंमत वाटली. ओल्या धावपट्टीवर उतरताना चाक जाम झालं की टायर फुटत. म्हणून ब्रिटनमधल्या डनलॉप कंपनीनं १९५० नंतरच्या दशकात विमानांसाठी 'मॅक्सारेट' नावाची यंत्रणा आणली. तीच १९६६ साली जेन्सन नावाच्या ब्रिटिश मोटारीला बसवली गेली, पण ती गाडी मूठभर श्रीमंतांनीच घेतली. आज आपण पाहतो ती विजेच्या मेंदूची, चारही चाकांची यंत्रणा जर्मनीच्या बॉश कंपनीनं १९७८ साली मर्सिडिजच्या मोठ्या गाडीत दिली. आपल्याकडे कितीतरी वर्षं ती महागड्या मॉडेललाच मिळे. साध्या मॉडेलला रंगीत आरसे आणि गाण्याची पेटी मिळायची, ब्रेकाचं हे मात्र नाही. शेवटी सरकारनं नियम केला आणि एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ए.बी.एस. सक्तीचं झालं. म्हणून त्याआधीची जुनी गाडी घेत असाल तर विचारून घ्या, त्याच नावाच्या दोन गाड्यांपैकी एकीला असेल आणि दुसरीला नसेलही.

जुनी गाडी घेताना एक परीक्षा अगदी सोपी आहे. किल्ली फिरवली की समोरच्या काट्यांमध्ये पिवळ्या रंगात 'एबीएस' अशी अक्षरं उजळतात आणि दोन-चार सेकंदांनी विझतात. यंत्रणा स्वतःची तपासणी करते ती ही. अक्षरं विझलीच नाहीत तर बिघाड आहे. आणि मुळात उजळलीच नाहीत तर एक तर गाडीला ए.बी.एस. नाही, किंवा बिघाड लपवायला कुणी दिवाच काढून टाकलाय! बाजारात अशीही माणसं असतात. गाडी पसंत करायला घरातले चार पुरुष गेले तरी रंग आणि टायरच बघतात, तेव्हा हे काम आपणच करावं.

चालत्या गाडीत हा पिवळा दिवा लागला तर घाबरून रस्त्यातच थांबायची गरज नाही. साधे ब्रेक चालू असतात, फक्त चाक जाम न होऊ देण्याची सोय बंद झालेली असते. सावकाश चालवावी आणि मिस्त्रीकडे न्यावी. पण ब्रेकचा लाल दिवा लागला (आणि हँडब्रेक खाली केलेला आहे याची खात्री असेल) तर गाडी सुरक्षित कडेला घेऊन थांबवा. तो दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्याचा असू शकतो. आपल्या भागात पिवळा दिवा लागण्याचं एक कारण म्हणजे चाकाजवळच्या सेन्सरवर बसलेला चिखल, आणि दुसरं म्हणजे उंदीर. हो, उंदीर! आमच्या शेजारच्या एका घरी ज्वारीच्या पोत्यांजवळ गाडी लावत, उंदरांनी सेन्सरची तारच कुरतडली होती. ब्रेक ऑइलही साधारण दोन वर्षांनी बदलावं, कारण ते हवेतला ओलावा शोषून घेतं. पुस्तिकेत लिहिलेल्या प्रकाराचंच घालावं, घरातलं दुसरं कुठलं तेल थेंबभरही नाही.

आता ए.बी.एस. आहे म्हणून बिनधास्त राहावं का? मुळीच नाही. टायर गुळगुळीत झाला असेल तर ही यंत्रणा पकड कुठून आणणार? जेवढी पकड टायरला आणि रस्त्याला आहे, तेवढीच ती नीट वापरते. कोरड्या चांगल्या डांबरावर थांबायच्या अंतरात फार फरक पडत नाही, ओल्या निसरड्या रस्त्यावर पडतो. पण मुरुमावर, सुट्या गिट्टीवर उलटंच होऊ शकतं. तिथं जाम झालेलं चाक आपल्यापुढे खडीचा ढीग करतं आणि त्याला अडून थांबतं. ए.बी.एस.चं चाक फिरत राहत असल्यामुळे असा ढीग होत नाही, आणि गाडी थांबायला जास्त जागा लागते. रस्त्याचं काम चाललेलं असेल, खडी पसरलेली असेल, तिथं वेग आधीच कमी हवा. कार्तिकाच्या सुमारास लोक डांबरी रस्त्यावर सोयाबीन वाळत घालतात, तेही तसंच. त्या दाण्यांवरून पाय घसरून पडलेल्या बायका मी पाहिल्यात, टायरचं काय घेऊन बसलात!

आणि अंतराचा हिशेब तर कुणालाच चुकत नाही. तासाला ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. समोर काही दिसलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद सहज जातो. त्या एका सेकंदात गाडी तीन पातळं एकापुढे एक अंथरावीत तेवढी पुढे गेलेली असते, ब्रेक न लागताच. मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक मीटर, म्हणजे जवळजवळ चार पातळं. ओल्या रस्त्यावर हे दुसरं अंतर दीडपट-पावणेदोनपटही होतं. वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतं. उसाच्या दिवसांत वारंगा फाट्याकडे रात्री जाताना पुढे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला, मागे एक दिवा नसलेला ट्रॅक्टर असतो. तिथं कसली यंत्रणा काय करणार? पुढचं वाहन एखाद्या बाभळीजवळून गेलं की मनात सावकाश एक, दोन, तीन मोजा. तिनाच्या आत आपण त्या बाभळीशी पोचलो तर फार जवळ आहोत. पावसात पाच मोजा. मुलांना हा खेळ फार आवडतो, आणि त्या निमित्तानं ड्रायव्हरवर पहारा राहतो.

स्कूटी वापरणाऱ्या मैत्रिणींसाठीही दोन शब्द. त्याच २०१९ च्या नियमानं १२५ सी.सी.च्या वरच्या दुचाकींना ए.बी.एस. सक्तीचं झालं. १२५ पर्यंतच्या गाड्यांना निदान जोडब्रेक तरी हवा, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. आपल्या बहुतेक स्कूट्या या दुसऱ्या प्रकारात येतात. जोडब्रेक चाक जाम होण्यापासून वाचवत नाही, तेव्हा पावसात दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत आणि वळणावर तर नकोच, वळणाच्या आधी वेग कमी करावा. मोटारसायकलींत पुष्कळदा फक्त पुढच्या चाकाला ए.बी.एस. असतं, मागचं चाक जाम होऊ शकतं. पोराला गाडी घेऊन देताना "एबीएस आहे" एवढं ऐकून गप्प बसू नका, एका चाकाला की दोन्ही, ते विचारा.

मागच्या सीटचा पट्टाही त्या दिवसापासून आमच्याकडे सक्तीचा झाला आहे. गाडी झटक्यात थांबते तेव्हा आतलं माणूस थांबत नाही, हे धाकट्याच्या टेंगळानं शिकवलं. लहानग्याला पुढे मांडीवर घेऊन बसणं मी स्वतः पूर्वी केलेलं आहे, आता करत नाही आणि पाहुण्यांनाही करू देत नाही. त्यावरून एक-दोघी रागावल्यासुद्धा. रागावू देत.

सगळं वाचून झालं तरी पायाची सवय वाचून बदलत नाही. म्हणून मिस्त्रीच्या सांगण्यावरून पाऊस पडून गेल्यावर एका रविवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर गाडी नेली. आजूबाजूला चिटपाखरू नाही, मागे कुणी नाही, मुलं घरी. तासाला तीसाचा वेग घेऊन ह्यांनी ब्रेक जीव खाऊन दाबला. कर्र कर्र कर्र! पेडल थरथरलं, गाडी हलकेच वळली आणि थांबली. पहिल्या दोन वेळा ह्यांचा पाय आपोआप उचलला गेला. तिसऱ्या वेळी टिकला. मग मी केलं. खरं सांगते, माहीत असूनही पहिल्यांदा मीही दचकले. तुमच्या घरी ही गाडी जे जे चालवतात त्यांच्याकडून एकदा तरी हे करून घ्या. जागा मोकळी हवी, वेग तीसाच्या वर नको, सीटवरचं सामान काढून ठेवा, पट्टे बांधा.

मामंजी हे सगळं कडेला छत्री घेऊन बघत होते. काही बोलले नाहीत. आम्ही निघायला लागलो तेव्हा छत्री मिटवत गाडीशी आले आणि ह्यांना म्हणाले, "उतर खाली. मला बघू दे एकदा." चार वेळा केलं त्यांनी. चौथ्या वेळी माझ्याकडे बघून म्हणाले, "आमच्या अँबॅसडरला हे असतं तर माझा गुडघा असा झाला नसता बघ."

पुढच्या वेळी टायरविषयी लिहीन. त्याची नक्षी किती झिजली की बदलायचा, हवा किती ठेवायची, आणि पंक्चर झाल्यावर साडी न खराब करता स्टेपनी कशी बदलायची, तेही.